ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता: १२ टक्क्यांचे अर्धे ६ घेतले तर उत्तर काहून जुळत नाही?

दारव्हा_बीएस्सी

नमस्कार. बी.एस्सी. शेवटचं वर्ष, विषय गणित आणि सांख्यिकी. सोबत अ‍ॅक्च्युअरीच्या सीएम१ पेपरची (विमा-गणिताच्या व्यावसायिक परीक्षेतला एक पेपर) तयारी करून राहिलो. खालचा सरावाचा प्रश्न दोन दिवसांपासून जुळत नाही.

एका कास्तकाराने ट्रॅक्टरसाठी ५,००,००० रुपये कर्ज घेतलं. मुदत ५ वर्षं, दर सहा महिन्यांनी एक असे १० समान हप्ते, पहिला हप्ता कर्ज उचलल्यापासून सहा महिन्यांनी. व्याजदर वार्षिक इफेक्टिव्ह १२ टक्के.
(क) हप्ता काढा.
(ख) सहावा हप्ता भरल्यावर बाकी किती? सातव्या हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती?
(ग) पाऊस गेला म्हणून चौथा हप्ता भरलाच नाही. दंड नाही, दर तोच. मुदत न वाढवता उरलेले सहा हप्ते समान ठेवायचे, तर नवा हप्ता किती?

मी सहामाही दर ६ टक्के धरला. ए-अँगल-१० (दर सहामाहीला १ रुपया असे दहा हप्ते, त्यांची आजची किंमत) आला ७.३६००८७, हप्ता ६७,९३३.९८. मागच्या पानावरचं उत्तर ६७,३८८.०५ आहे. मग ‘वर्षातून दोनदा’वाल्या अ‍ॅन्युइटीचं (ठरावीक काळाने येणाऱ्या समान हप्त्यांच्या मालिकेचं) सूत्र लावलं, तर थेट १,३४,७७६ आले. आता तर डोकंच चालत नाही.

अजून एक. तालुक्याच्या शोरूमचं पत्रक घरी पडलं आहे. त्यात ५ लाखांवर ‘फक्त ७ टक्के फ्लॅट’, ५ वर्षं, सहामाही हप्ता ६७,५०० असं छापलं आहे. ७ टक्क्यांचा हप्ता १२ टक्क्यांच्या हप्त्यापेक्षा मोठा कसा काय?

ताळा_करून_पाहा

तुमच्या दोन्ही चुका वेगवेगळ्या आहेत, आणि दुसरी तर चूक म्हणावी की नाही इतकी लहान आहे. १,३४,७७६ ला २ ने भागा. ६७,३८८ येतात. त्या सूत्रात जी रक्कम बसते ती वर्षभराची एकूण. वर्षाला १ रुपया, तो ५०-५० पैशांच्या दोन हप्त्यांत, असं ते सूत्र सांगतं. तुम्ही वर्षाची रक्कम काढली आणि तिलाच हप्ता समजलात.

आता पहिली. ‘वार्षिक इफेक्टिव्ह १२’ याचा अर्थ एवढाच: आज १०० रुपये ठेवले तर बरोबर वर्षाने ११२ झाले पाहिजेत. सहा महिन्यांना ६ टक्के लावले तर १.०६ × १.०६ = १.१२३६, म्हणजे ११२ रुपये ३६ पैसे. ते ३६ पैसे तुम्ही कास्तकाराकडून जास्तीचे वसूल केले. सहामाही दर असा हवा की दोनदा लावल्यावर १.१२ च यावं, म्हणजे १.१२ चं वर्गमूळ: १.०५८३००५२. दर ५.८३००५२ टक्के. याची दुप्पट ११.६६ टक्के, तो वर्षातून दोनदाचा नॉमिनल, म्हणजे नावापुरता वार्षिक, दर.

(क) ए-अँगल-१० = (१ − १.१२^−५) ÷ ०.०५८३००५२
= ०.४३२५७३१४ ÷ ०.०५८३००५२
= ७.४१९७१
हप्ता = ५,००,००० ÷ ७.४१९७१ = ६७,३८८.०५

वरच्या ओळीत घात −५ च आहे, १.०५८३... चा −१० घात काढत बसलो नाही. दोन्ही एकच, पण १.१२ हा नेमका आकडा आहे आणि १.०५८३ हा तोडलेला. तोडण्यावरून सांगतो: दर ०.०५८ वर तोडून पुढे गेलात तर हप्ता ६७,२९२ येतो, ९६ रुपयांनी कमी. निदान सहा दशांश तरी ठेवा, आणि जमेल तिथे कॅल्क्युलेटरच्या मेमरीत वर्गमूळ साठवून तेच वापरा.

सूत्र पाठ नसेल तर दुसरी वाट, मला स्वतःला हीच बरी वाटते. वर्षातले दोन्ही हप्ते वर्षाअखेरीला आणून ठेवा. दुसरा तिथेच आहे, पहिला सहा महिने आधीचा म्हणून तो १.०५८३००५ पट होतो. म्हणजे दर वर्षाअखेर २.०५८३००५ × हप्ता. मग साधी वार्षिक अ‍ॅन्युइटी, १२ टक्के, ५ वर्षं: ३.६०४७७६. गुणाकार ७.४१९७१. तेच उत्तर, आणि ‘वर्षाची की सहामाहीची’ हा घोळ मुळातच नाही.

(ख) सहा हप्ते गेले, चार राहिले. बाकी म्हणजे राहिलेल्या चार हप्त्यांची त्या दिवशीची किंमत.
ए-अँगल-४ = (१ − १.१२^−२) ÷ ०.०५८३००५२ = ३.४७८६३
बाकी = ६७,३८८.०५ × ३.४७८६३ = २,३४,४१८.३०
सातव्यातलं व्याज = २,३४,४१८.३० × ०.०५८३००५२ = १३,६६६.७१
मुद्दल = ६७,३८८.०५ − १३,६६६.७१ = ५३,७२१.३४

ताळा मागच्या बाजूने घ्या. ५ लाख तीन वर्षांत ५,००,००० × १.४०४९२८ = ७,०२,४६४ झाले. सहा हप्ते त्या दिवशी आणून ठेवले तर ६७,३८८.०५ × ६.९४५५३ = ४,६८,०४५.६८. वजाबाकी २,३४,४१८.३२. दोन पैशांचा फरक हप्ता पैशापर्यंत तोडल्यामुळे आहे, तो सोडून द्या. हजारो रुपयांचा फरक आला तर मात्र सोडू नका, कुठेतरी घात किंवा हप्त्यांची संख्या चुकली आहे. बहुतेक वेळा ४ च्या जागी ५ हप्ते मोजलेले असतात.

(ग) आधी तुम्ही करून टाका, मग बोलू.

वऱ्हाडी_सिग्मा

वरचं सगळं बरोबर. फक्त ६ टक्के घेणं ‘चूक’ म्हणताना एक गोष्ट सांगायला हवी. प्रश्नात ‘१२ टक्के, सहामाही चक्रवाढ’ असं असतं तर ६ च बरोबर होते. आकडा १२ च, पण वाचायच्या तीन तऱ्हा आहेत.

वार्षिक इफेक्टिव्ह १२: हप्ता ६७,३८८.
१२ टक्के, सहामाही चक्रवाढ: सहामाही ६, हप्ता ६७,९३४.
१२ टक्के, मासिक चक्रवाढ: महिना १ टक्का, सहा महिन्यांचे १.०१^६ − १ = ६.१५२ टक्के, हप्ता ६८,४२४.

पहिल्या आणि शेवटच्यात हप्त्यामागे हजाराच्या वर फरक. पेपरात प्रश्न वाचताना ‘इफेक्टिव्ह’, ‘कन्व्हर्टिबल’ (व्याज वर्षातून किती वेळा मुद्दलात चढतं), ‘पर अ‍ॅनम’ या शब्दांखाली रेघ मारूनच पुढे जा.

बँकेचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २००२ पासून बँकांना महिन्याच्या महिन्याला व्याज आकारायची पद्धत घालून दिली, पण शेतीकर्ज त्यातून वगळलं. कास्तकाराच्या हातात दर महिन्याला पैसा येतच नाही, पीक निघालं की येतो, म्हणून तिथे व्याज हंगामाला धरून चालतं. मासिक पद्धत आंधळेपणाने शेतीकर्जावर लावू नका, कर्जाच्या कागदावर काय लिहिलं ते पाहा.

त्याच धाग्यावरून एक सोडवायसारखं उदाहरण. हप्ते बरोबर सहा-सहा महिन्यांनी कशाला असतील? आपल्याकडे सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमाराला आणि तूर, कापूस, हरभऱ्याचा मार्चपर्यंत. समजा कर्ज ३१ मार्चला उचललं, हप्ते ३० नोव्हेंबर आणि ३१ मार्च. मग अंतर आठ महिने आणि चार महिने, आणि सहामाही अ‍ॅन्युइटीचं सूत्र मेलं. पण वर ‘ताळा’ यांनी दिलेली वर्षाअखेरीची वाट इथेही चालते: नोव्हेंबरचा हप्ता मार्चपर्यंत चार महिने पुढे न्यायचा, म्हणजे १.१२^(१/३) = १.०३८४९९ पट. ५,००,००० ÷ (३.६०४७७६ × २.०३८४९९) = ६८,०४२.६५. पैसा उशिरा येतो म्हणून हप्ता सुमारे ६५५ रुपयांनी वाढला.

पैनगंगेकाठी

शोरूमच्या पत्रकाचं कोणी घेतलं नाही, मी घेतो.

फ्लॅटचा हिशोब असा: ५,००,००० × ७ टक्के × ५ वर्षं = १,७५,००० व्याज. मुद्दल मिळवून ६,७५,०००, भागिले १० = ६७,५००. पत्रक खोटं नाही. खोटी आहे ती ‘७ विरुद्ध १२’ ही तुलना. फ्लॅटमध्ये पाचही वर्षं पूर्ण ५ लाखांवर व्याज लावलं आहे, आणि कास्तकार तर पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल परत करून राहिला.

खरा दर काढायचा तर ए-अँगल-१० = ५,००,००० ÷ ६७,५०० = ७.४०७४०७ अशी किंमत देणारा सहामाही दर शोधा. हे समीकरण सुटत नाही, अंदाजानेच काढावं लागतं. दोन किमती हातात आहेतच: ५.८३००५ टक्क्यांना ७.४१९७१३ आणि ६ टक्क्यांना ७.३६००८७. यांच्यामध्ये रेषीय अंतर्वेशन केलं (दोन किमतींमध्ये सरळ रेघ धरून मधला दर काढला) तर ५.८६५ टक्के. वर्षाचा इफेक्टिव्ह १.०५८६५² − १ = १२.०७ टक्के. बी.एस्सी.ला न्यूटन-रॅफसन (उत्तराच्या टप्प्याटप्प्याने जवळ जायची रीत) झालं असेल, ते लावा. पण मध्यांतर एवढं अरुंद असताना अंतर्वेशनच चौथ्या आकड्यापर्यंत बरोबर येतं. मध्यांतर ५ ते ८ टक्के असं रुंद घेतलं तर मात्र अंतर्वेशन दर जास्त दाखवतं, कारण हा आलेख खाली झुकलेला आहे आणि दोन टोकं जोडणारी जीवा त्याच्या वरून जाते.

‘फ्लॅटची दुप्पट म्हणजे खरा दर’ असा ठोकताळा बरेच जण सांगतात. मासिक हप्त्यांना तो जवळपास लागू पडतो, इथे दुप्पट १४ होते आणि खरा १२.०७ आहे. कारण पाहायचं तर एकूण व्याज बरोबर असतं सहामाही दर गुणिले प्रत्येक सहामाहीच्या सुरुवातीच्या बाक्यांची बेरीज. १,७५,००० ला ०.०५८६५ ने भागा, १० ने भागा: सरासरी बाकी सुमारे २ लाख ९८ हजार. अडीच लाख नाही. पहिले सहा महिने पूर्ण ५ लाख अंगावर असतात आणि समान हप्त्यात सुरुवातीला मुद्दल हळू फिटतं, म्हणून सरासरी अर्ध्याच्या वर राहते.

उलट बाजूने, तुमच्या पुस्तकातल्या १२ टक्के इफेक्टिव्हला एकूण व्याज १,७३,८८० आहे. फ्लॅटच्या भाषेत ते ६.९६ टक्के. म्हणजे पत्रकातलं कर्ज आणि पुस्तकातलं कर्ज जवळपास एकच आहे, फक्त पाटी वेगळी.

दारव्हा_बीएस्सी

सर्वांचे आभार. (क) आणि (ख) हाताने करून जुळले. फ्लॅटचं तर घरी सगळ्यांना दाखवलं.

(ग) असं केलं: चुकलेले ६७,३८८.०५ उरलेल्या सहा हप्त्यांत वाटले, ११,२३१.३४ प्रत्येकी. नवा हप्ता ७८,६१९.३९. पण प्रश्नात दंड नाही म्हणून व्याज लावलं नाही. बरोबर आहे ना?

ताळा_करून_पाहा

नाही. दंड नाही म्हणजे व्याज नाही असं नव्हे. ‘दर तोच’ हे शब्द प्रश्नात त्यासाठीच आहेत.

आधी लांबची वाट. तिसऱ्या हप्त्यानंतर सात राहिले. ए-अँगल-७ = (१ − १.१२^−३.५) ÷ ०.०५८३००५२ = ५.६१६२६, बाकी ३,७८,४६८.८०. चौथ्याच्या तारखेला काही भरलं नाही, म्हणून सहा महिन्यांचं व्याज २२,०६४.९३ मुद्दलात चढलं आणि बाकी झाली ४,००,५३३.७३. आता पुढच्या सहा हप्त्यांत ती फेडायची. ए-अँगल-६ = ४.९४३६९. नवा हप्ता = ८१,०१९.१७.

जवळची वाट अशी पाहा. भरायचा होता तो हप्ता भरला नाही, म्हणजे त्याच दिवशी ६७,३८८.०५ रुपयांचं एक नवं कर्ज घेतलं, सहा हप्त्यांत फेडायचं. त्याचा हप्ता ६७,३८८.०५ ÷ ४.९४३६९ = १३,६३१.१२. जुन्यात मिळवा: ८१,०१९.१७. एका ओळीचं काम, आणि तिसऱ्या हप्त्यानंतरची बाकी काढायची गरजच पडली नाही. परीक्षेत मात्र लांबच्या वाटेची निदान एक ओळ लिहा, तपासणाऱ्याला ‘बाकी’ दिसली तर पायरीचे गुण हातचे जात नाहीत.

तुमच्या ११,२३१ आणि या १३,६३१ मधला २,४०० रुपयांचा फरक म्हणजेच त्या नव्या कर्जाचं व्याज, सहा हप्त्यांवर पसरलेलं.

याच प्रश्नाचं दुसरं रूप येतं: हप्ता वाढवायचा नाही, चुकलेला एक हप्ता शेवटी अकरावा म्हणून भरायचा. तिथे मुलं अकरावाही ६७,३८८ लिहून मोकळी होतात. चौथ्यापासून अकराव्यापर्यंत सात सहामाही गेल्या, म्हणून ६७,३८८.०५ × १.१२^३.५ = १,००,१९४.९८. दीडपट! मोजताना ११ − ४ = ७ घ्या, बोटं मोजत ४ पासून ११ पर्यंत ८ करू नका.

आणि ‘पहिल्या वर्षी हप्ता नाही’ असं असेल, म्हणजे १० हप्ते पण पहिला बारा महिन्यांनी, तर सगळं गणित एक सहामाही पुढे सरकतं: ६७,३८८.०५ × १.०५८३००५ = ७१,३१६.८१. हप्ता कर्जाच्या दिवशीच सुरू होत असेल तर भागायचं, ६३,६७५.७२. पहिला हप्ता कधी, हे रेघेवर काढल्याशिवाय सूत्राला हात लावू नका. आडवी रेघ, ० ते १०, खाली सहामाही क्रमांक, वर रक्कम. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

वऱ्हाडी_सिग्मा

सीएम१ चा बी पेपर एक्सेलवर असतो, तिथे हाच प्रश्न आला तर कुठे अडतं ते सांगून ठेवतो.

पीएमटी (हप्ता काढणाऱ्या) फंक्शनमध्ये दराच्या जागी थेट १.१२^०.५−१ लिहा, हप्ते १०, रक्कम −५०००००. उणे चिन्ह विसरलात तर हप्ता उणे येतो. मग पुढच्या ओळींत कुणी ‘बाकी वजा हप्ता’ करतो आणि कर्ज फिटायच्या ऐवजी वाढत जातं. चिन्ह एकदा ठरवा, सगळ्या शीटभर तेच.

फ्लॅटचा खरा दर रेट फंक्शनने निघतो: हप्ते १०, हप्ता −६७५००, रक्कम ५०००००. उत्तराच्या चौकटीत ‘६%’ दिसेल. बाप्पा, इथेच घात होतो. ते ६ नाही, ५.८६५ आहे, एक्सेलने शून्य दशांश दाखवले एवढंच. दशांश वाढवा. डोळ्याने ६ वाचून पुढे १.०६² टाइप केलंत तर १२.३६ टक्के येतात आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पोस्टवर.

नोव्हेंबर-मार्चसारख्या वेड्यावाकड्या तारखा असतील तर पीएमटीच्या नादी लागू नका. तारखेचा स्तंभ, वर्षांत मोजलेला काळ, १.१२ चा उणे तेवढा घात, आणि समप्रॉडक्ट (दोन स्तंभांच्या गुणाकारांची बेरीज). तारखांवरून दर काढणारं एक्सआयआरआर फंक्शन वापरलंत तर ते ३६५ दिवसांनी भागतं, म्हणून उत्तर महिन्यांच्या हिशोबापेक्षा शेवटच्या दशांशांत हलतं. गडबडून जाऊ नका, उत्तरात कोणती पद्धत धरली ते एका वाक्यात लिहा.

दारव्हा_बीएस्सी

(ग) जुळलं. पूर्ण तक्ता शीटमध्ये केला, हप्ता ६७,३८८ पूर्ण रुपयांत धरून. दहाव्या हप्त्यानंतर बाकी शून्य न येता ७० पैसे राहून राहिली. सूत्र चुकलं का?

पैनगंगेकाठी

नाही. खरा हप्ता ६७,३८८.०५३६ आहे, तुम्ही दर वेळी ५.३६ पैसे कमी भरले. ते दहा हप्त्यांचे चक्रवाढीने: ०.०५३६ × १३.०७६ = ०.७०. कर्जाच्या तक्त्यात शेवटचा हप्ता यासाठीच वेगळा लिहितात. तुमचा दहावा ६७,३८८.७०.